एका मानधनात दोन सिनेमे!

ऐकलंत का? हल्ली सिनेमा नुसता बघून कुणाचं पोटच भरत नाही म्हणे. पडद्यामागे कोण कुणावर उखडलं, कुणाला कुठे लागलं, हे कळल्याशिवाय या मंडळींना झोप येत नाही. काय मेलं हे वेड! (आम्हीही ऐकतो, पण आपलं नाइलाजाने.)

आता रिचर्ड लेस्टरचा १९७३ चा ‘द थ्री मस्केटीअर्स’ घ्या. ड्यूमाची कादंबरी, स्पेनमधले वाडे-राजवाडे, मायकेल यॉर्कचा उतावळा डार्टान्यां. वरवर सगळं कसं घरंदाज. आत डोकावलं तर शिव शिव! रॅकेल वेल्चसारख्या सौंदर्यवतीला नवरा कोण, तर विनोदवीर स्पाइक मिलिगन. जोडा बघून हसावं की रडावं? राजा तेरावा लुई तर गवतावर चक्क कुत्र्यांच्या सोंगट्या मांडून बुद्धिबळ खेळतो. बरं, राजाचा आवाज तरी राजाचा? छे! चेहरा फ्रेंच ज्याँ-पिएर कासेलचा, आवाज इंग्रज रिचर्ड ब्रायर्सचा.

तलवारबाजी मात्र लुटुपुटीची नव्हे हो. खानावळीत खोटं भांडण उकरून हे शूरवीर गडबडीत खाणं लांबवतात, धोबीघाटावर ओल्या कपड्यांत हाणामारी करतात, तिथवर ठीक. पण पवनचक्कीच्या लढाईत ऑलिव्हर रीडच्या गळ्यातच तलवार घुसली, जिवावर बेतलं! नटाने अभिनय करावा की मृत्युपत्र?

आणि खरा दरोडा तर पुढेच आहे. निर्माते अलेक्झांडर आणि इल्या साल्किंड हे बापलेक. नटांनी करार केला एका सिनेमाचा, घाम गाळला एका सिनेमाचा, आणि या पठ्ठ्यांनी त्याच चित्रीकरणातून दोन कापून काढले! उरलेला माल ‘द फोर मस्केटीअर्स’ म्हणून वेगळा विकला. चार्ल्टन हेस्टन, फे डनवे अशी बडी बडी माणसं, आणि हातावर मानधन एकाच सिनेमाचं. पडद्यावर कपटी कार्डिनल रिशल्यू झालेल्या हेस्टनलाही पडद्यामागचा डाव कळू नये, म्हणजे कमाल झाली. मग नट भडकले, वकील आले, दावे झाले. तेव्हापासून हॉलिवूडच्या करारांत एक कलमच आलं: या कामातून सिनेमे किती निघणार, ते आधी लिहून द्या. कलमाला नाव साल्किंडांचंच! बापलेकांना त्याचं काही वाटलं असेल? पुढे ‘सुपरमॅन’चे दोन भाग त्यांनी एकत्रच चित्रित करायला घेतले, या खेपेला रीतसर सांगून.

तुम्ही मात्र दोन्ही मस्केटीअर्स पाठोपाठ बघा. शेवटी एकाच चित्रीकरणातले आहेत.