पहिलं पुस्तक सुचवणारे

लंडनचा म्युझियम स्ट्रीट असो नाहीतर ग्लास्टनबरीचा हाय स्ट्रीट, जादूटोण्याची पुस्तकं विकणारं दुकान म्हटलं की हे गृहस्थ तिथे असायचेच. दुकानात ते नोकरीला नसतात आणि काही विकत घेतानाही क्वचितच दिसतात. पण एखादी नवखी मुलगी विक्काच्या, म्हणजे आधुनिक चेटूकधर्माच्या, कपाटाकडे वळली रे वळली, की मालकाच्या आधी हे हजर. "एकटीनंच करायचंय ना सगळं? मग माझं ऐका."

मुलीचा हात स्कॉट कनिंगहॅमकडे जातो. एकट्या साधकासाठी लिहिलेलं १९८८ सालचं सरळ, साधं पुस्तक. घाबरलेल्या माणसाला धीर देणारं. गृहस्थ डोळे मिटून घेतात. "गोड आहे हो. पण दीक्षासुद्धा आपली आपणच घ्यायची म्हणजे काय?" बकलंडचं जाडजूड निळं पुस्तक त्यांना शाळेची आठवण करून देतं, कारण त्यात धडे आहेत आणि धड्याअखेर प्रश्न. सिल्व्हर रेव्हनवुल्फचं नाव निघालं की मात्र ते काही बोलत नाहीत, नुसतं पुस्तक उलटं करून ठेवतात.

"मग वाचू काय?"

"गार्डनर. १९५४."

आता विक्काचा पाया घालणाऱ्या गार्डनरच्या त्या पुस्तकात चेटकिणी काय मानतात ते आहे, पण घरी बसून विधी कसा करावा, ते नाही. मुलगी हे दबकत सांगते. "म्हणूनच तर ते चांगलं!" गृहस्थ म्हणतात. इथे मालक मुद्दाम खोकतो आणि डोरीन व्हॅलिएंटेचं १९७८चं पुस्तक पुढे सरकवतो. ही खुद्द गार्डनरची पुरोहितीण, आणि तिनेच त्यात स्वतःची दीक्षा स्वतः घेण्याचा विधी छापलाय. गृहस्थ चष्मा पुसतात. "व्हॅलिएंटेबाईंची गोष्ट वेगळी."

का वेगळी, ते कुणी विचारू नये. दुकान बंद व्हायची वेळ होते.

विधीच्या काळ्या मुठीच्या सुऱ्याने काहीही कापायचं नसतं, त्याने वर्तुळ आखायचं, हा नियम ते नवख्यांकडून घोकून घेतात. त्यांच्या स्वतःच्या सुऱ्याच्या पात्यावर पार्सलच्या चिकटपट्टीचा डिंक आहे. पुस्तकं येतातच इतकी! वर्तुळ आखायचं तर दिवाणखान्यात जागा हवी, आणि तिथे पुस्तकांच्या थप्प्या. बाहेर बागेत आखावं, तर इंग्लंडातली पौर्णिमा, ती गुडघ्यांना मानवत नाही.

शेवटी ते पावतीच्या पाठीवर यादी करून देतात. आधी गार्डनर, मग मार्गारेट मरे (चुकीची आहे, पण कुठे चुकली ते कळलं पाहिजे), मग ती चूक समजण्यासाठी रोनाल्ड हटन, मग पुन्हा गार्डनर. या हिशेबाने मुलीला पहिली मेणबत्ती लावायला साधारण चाळिशीत परवानगी मिळेल. ती यादी नीट घडी करून कनिंगहॅमच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवते आणि पैसे देते.

गृहस्थांचं तिकडे लक्ष नसतं. दारातून एक तरुण आत आलाय आणि बिचारा कपाटाकडेच वळतोय.