पाऊणपट गंगा

श्रावणात काशीतली गंगा ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या गिळत वर यायला लागली की कोकणातले भावोजीही येतात. प्रत्येक घरात असे एक असतात. "आम्हाला पाण्याचं नका सांगू. तिथी कोणती आज?" पंचमी. पाचाचे पाऊणपट पावणेचार. "म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, रात्री दहाला सगळं ओसरेल. आणा त्या गाद्या परत खाली."

हा पाऊणपटीचा हिशोब रत्नागिरीच्या जेटीवर अगदी चोख. तिथे तो चंद्राच्या भरवशावर चालतो. इथून समुद्राजवळचं हल्दिया जलमार्गाने १३९० किलोमीटर. मी म्हटलं, भावोजी, हे पाणी वरून येतं, खालून नाही. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२. ते हसले. "मीटरचा हजारावा भाग मोजतात ते शहाणे, आणि आमची पाऊणकी तेवढी वेडी?" यावर काय बोलणार! दहा वाजता पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं. लगेच खुलासा आला: तुमच्याकडे वद्य पक्षाचा महिनाच वेगळा धरतात, मग भरती तरी वेळेवर कशी येणार?

अष्टमीला गंगा जरा थबकली. "भांग!" ते गॅलरीतून ओरडले. त्यांच्या कोकणात भांग म्हणजे मंद भरती. गल्लीतले दोघे लोटा घेऊन वर आले.

मग त्यांनी गंगेला मिळणारी वरुणा नदी पाहिली आणि त्यांना आवरणं कठीण झालं. गंगा चढली की तिचं पाणी वरुणेत घुसतं आणि ती बापडी उलटी वाहते. "ही बघा भरती! काय सांगत होतो?" समोर माणसं सिलिंडर, शेळ्या, म्हातारी घेऊन गच्चीवर बसलेली, आणि हे घड्याळ बघतायत. भावोजींचं एक वेळ सोडा, ते पंधरा दिवसांनी जातात. पण उन्हाळ्यात पात्रात दोरी धरून प्लॉट पाडणारे? १९७८ साली पाणी ७३.९०१ ला गेलं होतं, हे इथल्या नावाड्याच्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त विकणाऱ्याला आणि कागदावर शिक्का मारणाऱ्याला. मे महिन्यात भेगाळलेली माती दाखवायची, "नदीकाठ, हवेशीर" म्हणायचं, पैसे मोजून घ्यायचे. ऑगस्टमध्ये त्याच गिऱ्हाइकाला नावेतून पुरी-भाजीची पाकिटं द्यायची, देताना फोटो काढायचा, आणि वर त्यालाच विचारायचं, इथे बांधलंसच कशाला?