वाघाला टेकू

ताडोब्याची सहल ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वाघ दिसला पाहिजे. दुसरा म्हणतो, दिसला आणि हलला तर काय उपयोग? हे हलणं वाघाचं नव्हे, फोटोतलं. आमचे मेहुणे या दुसऱ्या पक्षाचे संस्थापक, अध्यक्ष आणि खजिनदार. त्यांनी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतलेली, वजन दोन किलो. सहाशेची लेन्स हातात धरली तर शटर निदान एक-सहाशांश सेकंदाचं हवं, हा छायाचित्रणातला जुना हिशेब त्यांना तोंडपाठ. पण पहाटे गेट उघडतं तेव्हा जंगलात एवढा उजेड असतोच कुठे? म्हणजे टेकू हवा. आपल्याकडे सरकारं टिकतात ती टेकूवरच, फोटोने काय घोडं मारलंय?

तर टेकू कोणता, यावर पुण्यात रणं माजली. मेहुण्यांच्या माळ्यावर टेकूंचं संस्थानच आहे. कार्बन फायबरचा ट्रायपॉड, ॲल्युमिनियमचा त्याचा थोरला भाऊ, एकपायी मोनोपॉड, नळीला आवळायचा क्लॅम्प, आणि गिंबल हेड नावाचा एक इंग्रजी एल अक्षरासारखा धातूचा नमुना. गिंबलवर लेन्स तिच्या तोलाच्या जागी अडकवली की एका बोटाने वाट्टेल तिकडे फिरते. ते प्रात्यक्षिक मेहुण्यांनी जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं, तेव्हा लेन्स फिरून थेट आमटीच्या पातेल्याकडे बघायला लागली. आमटी फोकसमध्ये आली, हे मात्र मान्य करायला हवं.

मी विचारलं, "ट्रायपॉड उभा कुठे करणार?"

"म्हणजे?"

"जिप्सीतून खाली उतरू देत नाहीत. वर सहा प्रवासी, एक गाइड, एक ड्रायव्हर. आठ माणसांचे सोळा पाय. त्यात हे तीन."

"भाऊजी, तुम्ही नकारात्मक आहात," मेहुणे म्हणाले आणि ट्रायपॉड बांधला.

नागपूरच्या गाडीत त्याने फार मान मिळवला. बर्थखाली मावेना म्हणून मेहुणे तो मांडीवर घेऊन बसले होते. समोर पुलगावला उतरणारे एक काका होते. बराच वेळ निरखून त्यांनी विचारलं, "मोजणीवाले का जी?"

"नाही, फोटोसाठी आहे."

"तसंच सांगतात पयले. समृद्धीच्या टायमाला बी असेच तीन पायाचे घेऊन आले होते वावरात. आता अजून काय काढलं सरकारनं?"

सातशे किलोमीटरचा महामार्ग गेला, आता आमचा तुमच्या शेताशी काही संबंध नाही, हे पटवण्यात मेहुण्यांचा तासभर गेला. काकांनी उतरताना आपला गट नंबर मात्र सांगितला नाही.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. तेव्हा ते ११६ चौरस किलोमीटरचं होतं. पुढे अंधारीचं अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. मे महिन्यात तिथे जाणं म्हणजे चंद्रपूरच्या उन्हाला स्वतःहून शरण जाणं. पण पाणवठे आटले की वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून शहाणी माणसंसुद्धा मेमध्येच जातात. गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी आहे. त्यामुळे मेहुण्यांच्या फोनमधलं, फोटो कसा काढावा याचे सतत सल्ले देणारं ॲप गेटवरच थांबलं आणि आमच्या सहलीला थोडी शांतता लाभली.

जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्ली गावात पोचल्यावर गाइडने सामान एकदा नजरेखालून घातलं. ट्रायपॉडकडे बोट दाखवून म्हणाला, "हा रूमवर राहू द्या. मोनोपॉड चालते, पण सायबाचा पाय आणि त्याचा पाय, दोघांत भांडण होते. क्लॅम्प लावला तर इंजिनाचा हादरा सीधा लेन्समध्ये. बीनबॅग आहे का?"

होती. बीनबॅग म्हणजे चेन लावलेली रिकामी कापडी पिशवी, मध्ये दबलेली आणि दोन्ही बाजूंना पोट असलेली. एक पोट जिप्सीच्या कडेच्या नळीबाहेर, एक आत, आणि मधल्या दबक्या भागावर लेन्स टेकवायची. दाणे हादरा खातात, लेन्स आपली जागा करून घेते. पुण्याहून नेताना रिकामी न्यायची, भरायची तिथे जाऊन. काहीजण थर्माकोलचे मणी भरतात; वजनाला हलके, पण लेन्स त्यावर घसरते. तांदूळ सगळ्यांत बरा, फक्त पावसाळी ओल लागू द्यायची नाही.

गावातल्या किराणा दुकानात आम्ही गेलो.

"चार किलो तांदूळ द्या."

"किती माणसांचा भात जी?"

"भाताला नको, पिशवीत भरायचाय. वर कॅमेरा ठेवायला."

दुकानदाराने पिशवीकडे पाहिलं, मग मेहुण्यांकडे. "कॅमेरा भात खाते का?"

मेहुणे म्हणाले, सगळ्यात स्वस्तातला जाडा द्या. इथे मावशी मध्ये पडल्या. मावशी म्हणजे बायकोची मावशी. वाघ बघायचा राहिलाय, या एका कारणासाठी त्या गुडघ्यांसकट आमच्याबरोबर आल्या होत्या. "घ्यायचाच तर खायच्या लायकीचा घे," असा त्यांचा आग्रह. दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने एचएमटीचं पोतं पुढे ओढलं. हा तांदूळ याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली स्वतःच्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, निवडत निवडत वाण तयार केलं, आणि व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव चिकटवलं. वाण देशभर गेलं. दादाजी २०१८ मध्ये वारले, ते मात्र शेवटपर्यंत तसे हलाखीतच होते. एवढ्या मोठ्या माणसाचा तांदूळ लेन्सखाली घ्यायचा, म्हणून मला जरा संकोच वाटला. मेहुण्यांना भाव वाटला.

पिशवी दुकानाच्या पायरीवरच भरली. वर्तमानपत्राची नळी करून तांदूळ सोडायचा, आणि पाऊण भरली की थांबायचं. गच्च भरली तर ती दगड होते आणि लेन्स वर गडगडते. मेहुणे दर मुठीगणिक तिचं पोट दाबून बघत होते. सांडलेले दाणे दुकानदाराच्या कोंबडीने तत्परतेने उचलले. मावशी पिशवीला हात लावून एवढंच म्हणाल्या, "यावर कोपर कुणी टेकू नका हं. अन्न आहे."

पहाटे निघालो. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब आहेत. गोंड राजांच्या काळी त्यांवरून दोरी आणि घंटा बांधून राजाच्या येण्याची वर्दी पुढे धाडत, असं गाइड सांगतात. मेहुण्यांनी सरावासाठी त्यातल्या एका खांबाचा फोटो काढला. तो इतका सुरेख आला की विचारू नका. विषय हलत नाही आणि जिप्सीही उभी, असा योग त्या सकाळी पुन्हा आला नाही.

कारण जिप्सीत चिरंजीव होते. मेहुण्यांचे, वय सात. मागच्या उंच बाकावर बसून ते पाय हलवत. जिप्सी जुनी, तिचं स्प्रिंग मनमोकळं. एका पोराच्या पायाने अख्खी गाडी डोले. नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. पण सहाशेच्या लेन्समधून पाहावं तर समोरची चितळं भूकंपात उभी. तांदूळ इंजिनाचा हादरा खातो, चिरंजीवांचा नाही. लेन्समध्ये थरथर मारणारं यंत्र असतं, तेही अशा वेळी हात टेकतं. उलट काही जुन्या लेन्स अगदी स्थिर बसवल्या तर ते यंत्र रिकामपणाने स्वतःच थरथर सुरू करतं. शेवटी गाइडनेच तोड काढली. "बाबू, मोर मोज. पाय हलवला की मोर उडते." पोर पुतळा झालं.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी तेव्हाच्या संयुक्त प्रांतात या हलण्याच्या कटकटीवर उत्तम उपाय शोधला होता. वाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडतो आणि फोटो निघतो. १९२७ साली त्याने त्या फोटोंचं पुस्तकही काढलं. ना जिप्सी, ना मेहुणे, ना मोर. वाघानेच आपला फोटो काढून घ्यायचा. पण हा इतिहास गाडीत सांगायची वेळ नव्हती.

पाणवठ्यापाशी बराच वेळ थांबलो. ऊन चढलं. मावशींना डुलकी लागली आणि त्यांनी पिशवीच्या आतल्या पोटावर डोकं टेकलं. कोपर टेकायला बंदी होती, डोक्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. तेवढ्यात वानराचा धोक्याचा कॉल झाला. गाइड ताठ झाला. बांबूतून वाघीण बाहेर आली आणि रस्ता धरून सरळ आमच्याकडे चालू लागली.

"हेड ऑन! हलू नका!" ड्रायव्हर कुजबुजला. सगळे उभे राहिले. जिप्सी डोलली. मेहुण्यांनी लेन्स पिशवीवर ठेवली आणि गोठले. शेजारी मावशी घोरत होत्या. लयीत, खोल, आणि तांदळातून थेट लेन्समध्ये.

"उठव त्यांना," बायको म्हणाली.

"उठवलं तर हलतील."

"अरे, त्या वाघ बघायला आल्यात!"

"एक मिनिट. श्वास सोडला की मी मारतो."

दोन घोरण्यांच्या मधल्या फटीत मेहुण्यांनी शटर दाबलं. पुन्हा घोरणं, पुन्हा फट, पुन्हा शटर. वाघीण दहा पावलांवर येऊन बाजूच्या गवतात वळली तेव्हा बायकोने मावशींना हलवलं. त्यांना शेपूट दिसली. "मेल्या, कॅमेऱ्याला दाखवलास आणि मला नाही!" त्या मेहुण्यांवर कडाडल्या. पुढच्या जिप्सीतली माणसं मागे वळून वाघ सोडून मावशींकडे बघायला लागली.

फोटो चांगला आला, हे सांगायला हवं. मिशीचा एकेक केस मोजावा. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक करडा, धूसर ढग आहे. तो मावशींचा अंबाडा. मेहुणे तो कापायला तयार नाहीत. कापला तर वाघिणीचा पंजा जातो.

संध्याकाळी ट्रायपॉडचं सार्थक झालं. व्हरांड्यात मावशींनी त्यावर ओलं लुगडं वाळत घातलं. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. फोटो बघत आम्ही बाहेर बसलो होतो आणि आतून मसालेभाताचा वास आला. उत्कृष्ट मोकळा झाला होता, एचएमटीला तोड नाही. मेहुण्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि मग त्यांचा हात मध्येच थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीआधी आम्ही दुकानावर. दुकानदाराने आम्हाला लांबूनच ओळखलं.

"कालचा तांदूळ बाईंनी शिजवला म्हणते?"

बातमी आमच्या आधी पोचली होती. मेहुणे काही बोलले नाहीत. रिकामी पिशवी फळीवर ठेवली.

"मग आता तूर घ्या," तो तराजू ओढत म्हणाला. "वाघ नाही दिसला तर वरण होते."