मोराला मंजुरी दिल्याबद्दल

आदरणीय शेठ,

स. न. वि. वि.

तुमच्या दिवाळी फराळाच्या खोक्याचं डिझाइन काल रात्री पावणेबाराला एकदाचं पास झालं, त्याबद्दल आधी मनापासून आभार. फाइलचं नाव 'फायनल_नक्की_17' आहे, तेवढं प्रेसवाल्याला सांगा. तो 12 नंबरची छापायला बसला होता.

पहिल्या भेटीत तुम्ही म्हणालात, "मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही आर्टिस्ट माणूस, तुम्हीच काय ते करा." हे वाक्य कानावर पडलं की मी एरवी अॅडव्हान्स वाढवून मागतो. त्या दिवशी तुमच्या चहात वेलची होती, विसरलो.

मी केलेलं साधंच होतं. फिकट पिवळा खोका, मधोमध 'फराळ' एवढीच अक्षरं, आणि त्यातला 'ळ' कडबोळ्यासारखा वळलेला: दोन गाठी, वर तिळाचे चार ठिपके. त्या 'ळ'वर मी चार दिवस बसलो होतो. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांकडून अभिनय करून घेतला, ते पाहत वाढलेल्या माणसाला असली खोड असते. तुम्ही खोका उलटसुलट करून पाहिलात आणि म्हणालात, "छान आहे. पण रिकामं वाटतं. छपाईचे पैसे आपण पूर्ण खोक्याचे देतोय ना?"

मग तुमचा व्हॉट्सअॅपवर अंगठा आला. मी तो मंजुरीचा समजलो. अंगठा म्हणजे 'पाहिलं', हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर खोका वहिनींकडून मेव्हण्यांकडे, मेव्हण्यांकडून तुमच्या अकाउंटंटकडे गेला होता. यांपैकी एकही जण मीटिंगला नव्हता, आणि निकाल त्यांच्याच हातात होता. अकाउंटंटना पिवळा रंग मळकट वाटला. त्यांनी तो फुटलेल्या काचेच्या फोनवर, ब्राइटनेस कमी करून पाहिला होता. छापील प्रूफ मी दुकानात ठेवून गेलो होतो. त्यावर कोणीतरी चकल्या मोजल्या.

धीर एकवटून मी तुम्हाला पॉल रँडची गोष्ट सांगितली. 1986 साली स्टीव्ह जॉब्जच्या 'नेक्स्ट' कंपनीसाठी त्यानं एकच लोगो केला. दुसरा पर्याय नाही, पटलं तर वापरा, नाही तर राहू द्या, पैसे मात्र पूर्ण. किती? एक लाख डॉलर. तुम्ही विचारलंत, "जीएसटी धरून?" तेवढ्यात तुमच्या अकरावीतल्या पुतण्यानं मोबाइलवरून शोधून काढलं की 'नायकी'ची ती खूण 1971 मध्ये एका विद्यार्थिनीनं 35 डॉलरात करून दिली होती. पुढे 1983 मध्ये कंपनीनं तिला शेअर्स दिले, तिथवर त्यानं स्क्रोल केलं नाही.

आता कबुलीजबाब. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात, तशी आमच्या धंद्यातही लावतात. डिझाइनमध्ये मुद्दाम एखादी भडक गोष्ट ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक ती काढायला सांगतं, आपलं ऐकलं म्हणून खूश होतं आणि बाकीचं वाचतं. सोळाव्या फेरीत मी कोपऱ्यात एक मोर बसवला. हिरवा-जांभळा, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यात एकेक पणती. इतका वाईट मोर काढायलाही कसब लागतं.

तुमचा फोन पाच मिनिटांत आला. "मोर एक नंबर! तो मध्ये घ्या, मोठा करा. आणि तो वाकडा 'ळ' काढा, पोरं चिडवतात."

तर मोर मध्ये आहे. 'ळ'च्या जागी कंप्युटरमधला 'मंगल' फॉन्ट बसला आहे. तोही र. कृ. जोशींसारख्या मोठ्या माणसाचा, पण पडद्यावर नीट वाचता यावा म्हणून घडवलेला. मिठाईच्या खोक्यावर तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. वहिनींना चालतोय.

बिल सोबत जोडलं आहे. पोच म्हणून अंगठा पाठवू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आर्टिस्ट माणूस

ता. क. घरी प्रूफ टेबलावर पडलं होतं. आई चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "इतकी वर्षं करतोयस, पण हा मोर मात्र खरंच सुंदर जमलाय रे."