बंद टीव्हीचे गिऱ्हाईक

टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला पोटासाठी दुरुस्ती करतो आणि टीव्ही सुरू झाला की पैसे मागतो. दुसरा हौसेखातर करतो आणि टीव्ही सुरू झाला की हिरमुसतो. येथे विचार करायचा आहे तो दुसऱ्या वर्गाचा.

हा गृहस्थ बँकेत, शाळेत, महसूल खात्यात, कुठेही नोकरीला असू शकतो. निवृत्त असल्यास लक्षणे अधिक ठळक दिसतात. टीव्ही बघण्याची त्याला आवड नसते. घरात मालिका लागलेली असताना तो समोर बसतो, पण नायिका का रडते आहे हे त्याला सांगता येत नाही. तिच्या गालावर पांढरा ठिपका दिसू लागला आहे, म्हणजे आतल्या एखाद्या एलईडीवरचे भिंग निखळले आहे, हे मात्र तो जाहिराती लागायच्या आत सांगतो. चालू टीव्हीशी त्याचा संबंध एवढाच.

त्याचा माल तीन ठिकाणांहून येतो: जुना बाजार, भंगारवाला आणि नातेवाइकांचे माळे. पुण्यात तो रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात दिसतो, मुंबईत चोरबाजारात. विकणाऱ्याची भाषा सगळीकडे सारखीच असते. ‘कालपर्यंत चालू होता’ याचा अर्थ, विकणाऱ्याने तो चालू पाहिलेला नाही. ‘किरकोळ काम आहे’ म्हणजे दोन मेकॅनिकांनी हात टेकले आहेत. ‘आवाज येतो, चित्र नाही’ हे मात्र बहुधा खरे असते आणि ते ऐकताच गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात. आवाज येतो त्या अर्थी मेन बोर्ड जिवंत आहे. गेली असेल ती बॅकलाइट. घासाघीस करताना तो चेहरा पाडून ठेवतो आणि पडद्यावरून तळहात फिरवून चीर नाही ना, तेवढे पाहून घेतो. टीव्हीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा पॅनेलचा असतो. ते फुटले तर बाकीचे धड असून उपयोग नाही. फुटक्या पॅनेलचा टीव्हीही तो घेतोच, पण ‘पार्टसाठी’.

टीव्ही घरात आणण्याची वेळ ठरलेली असते: पत्नी भिशीला गेलेली असते तेव्हा. तरी संध्याकाळी ‘अहो, आता हा आणखी कशाला?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर वर्षानुवर्षे एकच आहे: ‘मावशींना होईल.’

हत्यारांत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पेस्ट, डिसोल्डर पंप आणि स्क्रू ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे येतात. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सीरिज बोर्ड. त्यात १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब असतो आणि टीव्हीला वीज त्या बल्बमधून जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि पुढचे भाग वाचतात. सर्किट ठीक असेल तर मोठा कपॅसिटर भरेपर्यंत तो उजळतो आणि मग मंदावतो. असा बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाही, म्हणून सुटे बल्ब कपाटात, पत्नीच्या पैठणीच्या घडीत सुरक्षित ठेवलेले असतात. ही गोष्ट लग्नाच्या मोसमात उघडकीस येते.

निदानाची एक रीत आहे. ती पाळली तर दोष लवकर सापडतो. म्हणूनच ती फारशी पाळली जात नाही. पहिली पायरी नुसते बघण्याची. स्टँडबायचा लाल दिवाच लागत नसेल तर संशय सप्लायवर. दिवा लागतो पण टीव्ही उठत नाही, तर सप्लाय किंवा मेन बोर्ड. काही कंपन्यांच्या टीव्हीत दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या संख्येतच दोषाचा क्रमांक असतो. हौशी माणूस लुकलुकणे मोजतो, पुन्हा मोजतो, आणि पाच की सहा असा पेच पडला की गृहपाठ करणाऱ्या मुलाला पंच नेमतो.

दुसरी पायरी मागचे झाकण काढण्याची. सगळे स्क्रू काढून झाल्यावर झाकण ओढले की न काढलेला स्क्रू कुठे होता ते कळते. आत प्रथम फुगलेला कपॅसिटर शोधायचा असतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सततच्या उष्णतेने आतून सुकतो, कधी वायू धरून त्याचे सपाट डोके वर येते. त्याच मूल्याचा, १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा बसवला की बऱ्याचदा काम होते. एवढ्यावर टीव्ही सुरू झालाच, तर विकणाऱ्याने आपल्याला फसवले अशी भावना या माणसाच्या मनात येते.

तिसरी पायरी मोजमापाची. २३० व्होल्टचा एसी ब्रिजच्या चार डायोडमधून गेला की साध्या सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी मिळायला हवा. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर भरलेला राहू शकतो. शहाणा माणूस तो रेझिस्टर लावून रिकामा करतो. हौशी माणूस एकदा पेचकसाने करतो, आणि दुसऱ्या वेळेपासून रेझिस्टर लावतो.

बॅकलाइटचा दोष ओळखायला टॉर्च पुरते. एलसीडीवर चित्र उमटतच असते, मागचा उजेड नसल्याने ते दिसत नाही. अंधारात पडद्यावर तिरपा झोत टाकला की अंधूक माणसे हलताना दिसतात. या प्रयोगासाठी सगळ्या घराचे दिवे घालवावे लागतात आणि तो नेमका स्वयंपाकाच्या वेळी करावा लागतो. हा उजेड देणाऱ्या पट्टीवरचे एलईडी सीरिजमध्ये जोडलेले असल्याने एक तुटला की ती सगळी रांग विझते. तो एक बदलता येतो, पण बाकीचेही त्याच वयाचे असल्यामुळे जाणकार पूर्ण संच बदलतात आणि करंट थोडा कमी करून ठेवतात. त्याने एलईडींचे आयुष्य वाढते. ‘पूर्वीसारखा उजेड नाही’ असे घरचे म्हणतात, तेव्हा हे कारण त्यांना सविस्तर सांगितले जाते.

पट्टीपर्यंत पोचायला पॅनेल उचलावे लागते. त्याला चिकटलेल्या नाजूक रिबनी दुखावल्या तर पडद्यावर कायमच्या उभ्या रेघा येतात, म्हणून उचलायला दोन माणसे लागतात. इथे कुटुंबाचा या शास्त्रात प्रवेश होतो. खालचे पातळ शीट काढलेल्याच क्रमाने परत ठेवायचे असतात. सगळे बंद करून टीव्ही लावला की पडद्याच्या मधोमध एक केस दिसतो. तो कोणाचा, यावर चर्चा होते. लांबीवरून निकाल लागतो.

या वर्गाची ज्येष्ठ शाखा पिक्चर ट्यूबच्या काळातली आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, आणि पुढे घरोघर आलेल्या सेटांवर ही मंडळी शिकली. पडद्यावर नुसती आडवी पांढरी रेघ, म्हणजे व्हर्टिकल सेक्शन गेला. थाप मारल्यावर चित्र येते, म्हणजे ड्राय सोल्डर: तडकलेला टाका धक्क्याने घटकाभर जुळतो. थोडक्यात, घरोघरच्या त्या थापेला शास्त्राधार होता. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असत, त्यामुळे ज्येष्ठ अजूनही एक हात खिशात घालून काम करतात. आजच्या टीव्हीला थाप मारायला जागाच ठेवलेली नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

पार्ट आणायला पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दहा रुपयांचा कपॅसिटर आणायला गेलेला माणूस पुढच्या सात टीव्हींना लागतील असे पार्ट घेऊन परततो. हिशेबात फक्त दहा रुपये धरले जातात. प्रवास, चहा, जळालेले फ्यूज आणि नवा मल्टिमीटर हा ‘ज्ञानावरचा खर्च’ असतो. या पद्धतीने प्रत्येक टीव्ही स्वस्तातच पडतो.

दुरुस्तीचे फलित दोन प्रकारचे. टीव्ही सुरू झाला नाही तर माणूस खूश असतो: महिनाभराची सोय होते, आणि शेवटी सेट माळ्यावर पार्टसाठी जातो. सुरू झाला तर संध्याकाळ कशी काढायची हा प्रश्न उभा राहतो. तो टीव्ही ठरल्याप्रमाणे मावशींकडे पोचतो आणि त्यासोबत आजन्म गॅरंटीही. पंधरा दिवसांनी फोन येतो: ‘अरे, चित्रच येत नाहीये.’ तो हत्यारांची पिशवी घेऊन तातडीने निघतो. बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्सचे रिचार्ज संपलेले असते. असल्या दोषात त्याला गोडी नसते. तो मुकाट्याने रिचार्ज मारतो, चित्र आल्याची खात्री करून घेतो, आणि ‘आलोच आहे तर बघून जातो’ म्हणत मागचे झाकण उघडायला घेतो.