सूचना अशी आहे की...

अंक हातात पडला की लोक आधी मुखपृष्ठ बघतात, मग आपला फोटो आलाय का ते बघतात. अण्णा पट्टी काढतात. स्टीलची, सहा इंची, शर्टाच्या खिशात पेनाला खेटून कायम असते ती. मधलं पान उघडायचं, प्लॅनच्या कोपऱ्यात माप पडताळायला छापलेली रेघ शोधायची, तिच्यावर पट्टी ठेवायची आणि चष्मा कपाळावर ढकलून नाक कागदाला टेकेपर्यंत वाकायचं.

"शंभर मिलिमीटर लिहिलंय. भरतेय सत्त्याण्णव."

"छापखान्यातल्या पोरानं 'फिट टू पेज' दाबलं असेल, अण्णा. तीन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे."

"तीन टक्क्यांचा! लांबी तीन टक्के, रुंदी तीन टक्के, म्हणजे पंखाचं क्षेत्रफळ जवळजवळ सहा टक्के गेलं. आणि मोटर, बॅटरी, सर्व्हो? त्यांना कोणी सांगितलंय का आकसायला? वजन तेवढंच आणि पंख तोकडे. उतरवताना जरा वेग कमी केलास की बसलंच खाली." इथे एक सुस्कारा. "सूचना अशी आहे की..."

आमचा अंक म्हणजे छोटी विमानं बनवून उडवणाऱ्या पुण्यातल्या हौशी मंडळींचं द्वैमासिक. पानं चोवीस, वर्गणी नाममात्र आणि तीही निम्म्यांकडे थकलेली. संपादक मी, कारण संपादक निवडायच्या बैठकीला मी उशिरा पोचलो. वितरण रविवारी सकाळी मैदानावर, गाडीच्या डिकीतून. मजकुराची कायम चणचण, सूचनांचा सुकाळ. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला तो समाज सुधारायला. अण्णांनी समाजाला हात लावलेला नाही, ते थेट पत्रच सुधारायला निघालेत.

असा माणूस एकट्या आमच्याच वाट्याला आलाय असं नाही. टपाल तिकिटांच्या, बागकामाच्या, गिर्यारोहणाच्या, कुठल्याही हौशी अंकाला एक अण्णा असतोच. तो वर्गणी सगळ्यांच्या आधी भरतो, अंक मुद्रकाच्या पत्त्यासकट वाचतो आणि एकही अंक त्याला पसंत पडत नाही. नापसंत अंक तो वर्षाअखेरीला बाइंड करून घेतो, पाठीवर सोनेरी अक्षरं टाकून.

अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. हात अजून तसाच आहे: टू-एच पेन्सिल, सुबक अक्षर, शिरोरेघ पट्टीनं मारलेली. वाण्याची यादीसुद्धा ते अशीच लिहितात. घरात एक बॉक्स फाइल आहे, तिच्यावर 'अंक : सुधारणा' असं लिहिलेलं. शेजारी दुसरी आहे, 'अंक : सुधारणा (प्रलंबित)'. ही दुसरी जास्त जाड.

दुखण्याचं मूळ जुनं आहे. शाळकरी वयात अण्णांना मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवर इंग्लंडच्या 'एअरोमॉडेलर'चे जुने अंक सापडले. हे मासिक १९३५ सालचं. त्याहून जुनं अमेरिकेतलं 'मॉडेल एअरप्लेन न्यूज', ते १९२९ पासूनचं. त्या अंकांतले प्लॅन, बारीक रेघांची चित्रं, इंजिनांची चिरफाड करणारे लेख यांवर अण्णांचा पिंड पोसला. इंग्रजीही ते त्यातच शिकले. त्यामुळे आजही अण्णांना इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारता येत नाहीत, पण विमान 'स्टॉल' का झालं यावर कुणाही साहेबाशी तासभर बोलता येतं. कलकत्त्याचं ऑरोरा डिझेल इंजिन त्यांनी पहिल्या पगारातून घेतलं. त्याचं इंधन घरी करायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारखे भाग. "एरंडेलाला हसू नकोस," ते सांगतात. "कॅस्ट्रॉल कंपनीचं नाव त्याच्यावरनं पडलं. आणि त्या कंपनीच्या वेकफील्डसाहेबानंच १९२८ साली छोट्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला करंडक दिला. अंकात हे आलं पाहिजे. सूचना अशी आहे की..."

यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "लग्नानंतर दोन वर्षं मला वाटायचं ह्यांचं पोट बिघडलेलं असतं."

काकूंचीही अंकाला एक सूचना आहे. एक पान पाककृतीचं घाला, म्हणजे अंक घरात येऊ देईन.

तर अण्णांच्या सुधारणा. प्लॅन मधल्याच पानांवर हवा, म्हणजे पिना सोडवल्या की अखंड सुटा निघतो. पण पिना विमानाच्या पोटातून जाता कामा नयेत. म्हणून विमान दोन सेंटिमीटर वर सरकवा. मग खालच्या जागेत सामानाची यादी बसते. यादीत बाल्सा लिहाल तर पर्यायही लिहा, कारण बाल्सा येतो मुख्यतः इक्वेडोरहून आणि त्याची किंमत ऐकून नवीन पोरगं कॅरमकडे वळतं. त्याला सनबोर्ड चालतो का, डेप्रॉन चालतो का, कुठला गोंद थर्माकोल खातो आणि कुठला खात नाही हे सांगा. कागद चकचकीत नको, पेन्सिल चालत नाही. मुखपृष्ठावर विमान उजवीकडे तोंड करून हवं, डावीकडे तोंड केलेलं विमान अंकातून बाहेर निघाल्यासारखं दिसतं. आता यात खोडून काढण्यासारखं काही आहे का? नाही. हाच तर वैताग आहे. अण्णांची प्रत्येक सूचना बरोबर असते, आणि त्या सगळ्या अमलात आणायच्या तर मला नोकरी सोडावी लागेल.

एक मात्र आणली. "सगळे पहिल्या उड्डाणाचं कौतुक लिहितात," अण्णा म्हणाले. "विमान पडतं कसं ते कोणी लिहीत नाही. शिकायला मिळतं ते पडल्यावर. सदर काढ."

सदराचं नाव 'कसं पडलं'. पहिल्या महिन्यात एकही मजकूर आला नाही. मग मी 'नाव छापले जाणार नाही' अशी टीप टाकली आणि धो धो मजकूर आला. फक्त कुणीच स्वतःचं लिहिलं नव्हतं, प्रत्येकानं दुसऱ्याचं लिहिलं होतं. 'आमचे एक मित्र, जे निळी मारुती चालवतात व इतरांना फार शिकवतात, त्यांचे आयलेरॉन उलटे जोडले गेले होते.' आयलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या, उलटे असणं हा या छंदातला सर्वात जुना आणि सर्वात लोकशाही अपघात आहे. रिमोटची काठी डावीकडे केली की विमान उजवीकडे कलतं, घाबरून आणखी डावीकडे करावी तो ते आणखी उजवीकडे जातं, आणि चार सेकंदांत आठ महिन्यांचं काम कचरा होतं. उडवण्याआधी एकदा काठी हलवून पंखाकडे बघितलं तर टळतं. कोणी बघत नाही, कारण भोवती माणसं जमलेली असतात आणि त्यांच्याकडे बघायचं असतं.

पूर्वी एक सोय होती. दोघांचे रिमोट एकाच फ्रीक्वेन्सीवर चालू झाले तर विमान खरोखरच पडायचं, त्यामुळे पडलेल्या प्रत्येक विमानाच्या वेळी 'कोणीतरी माझ्या फ्रीक्वेन्सीवर आलं' असं छातीठोक सांगता यायचं. २.४ गिगाहर्ट्झचे संच आले, ते आपापली जोडी ओळखतात, आणि ही सबब गेली. आता दोष फक्त वाऱ्याला देता येतो. निळ्या मारुतीवाल्यांनी दोन अंक आमच्याशी अबोला धरला. तिसऱ्या अंकासाठी त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिहून पाठवलं. सदर आता सगळे आधी उघडतात.

अण्णांना मी काहीही बोललो तरी एका गोष्टीपुढे माझी मान खाली जाते. एका लेखकानं शिकाऊ विमानाचा झकास लेख दिला होता. गुरुत्वमध्य कुठे असावा त्या जागी त्यानं लिहिलं, पंखाच्या मागच्या कडेपासून रुंदीच्या पंचवीस टक्क्यांवर. हवं होतं पुढच्या कडेपासून. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, ही म्हण या छंदात जगभर चालते. अंक छापून आला होता. अण्णांचा सकाळी सहाला फोन. मग शनिवारभर ते माझ्या बैठकीच्या खोलीत मांडी घालून बसले आणि प्रत्येक प्रतीत 'मागच्या' खोडून वर 'पुढच्या' लिहिलं. प्रत्येक शब्दाची शिरोरेघ पट्टीनं मारली. मी म्हटलं, अण्णा, हातानं मारलीत तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहा टाकायला आत गेलो.

याच शिस्तीनं ते इतिहासालाही सोडत नाहीत. आमच्या एका वाचकानं शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर लेख पाठवला: १८९५ साली चौपाटीवर विमान उडालं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, मराठी माणसाच्या हातून. अण्णांनी तो दोनदा वाचला. "मला आनंदच आहे," ते म्हणाले. "तीन दर्शनी चित्रं पाठवा म्हणावं. पंखाची लांबी, वजन, गुरुत्वमध्य. आणि किती सेकंद राहिलं हवेत?" तो वाचक 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला देऊ लागला. त्यातल्या विमानांची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली होती आणि ती उडण्यासारखी नाहीत असा निर्वाळा दिला होता. तो कागद अण्णांकडे फाइलमध्ये होताच. त्याऐवजी त्यांनी पेनोचं नाव सुचवलं. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं १८७१ साली पॅरिसच्या ट्युइलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. "अकरा सेकंद," अण्णा म्हणाले. "लोकांसमोर. मोजलेले. हे छाप. आणि माणूस मराठी नव्हता याची बोच एवढी असेल तर रबर पिळून तू बारा सेकंद उडव, ते मुखपृष्ठावर घेऊ."

ड्रोनवाल्या पोरांशी त्यांचं जमत नाही. "ते उडत नाही रे, हवेत टांगलेलं असतं. इंजिन बंद केलं तरी तरंगतं त्याला विमान म्हणायचं." तरी २०२१ चे ड्रोन नियम आले तेव्हा नियमांचं पान काढा ही सूचना अण्णांचीच. कारण नियमांना आपलं विमान आणि त्यांचा ड्रोन यांत फरक दिसत नाही. पंचवीस किलोपर्यंतचं, हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं असलं तरी ते दूरनियंत्रित विमानच. विमानतळाच्या कुंपणापासून बारा किलोमीटरच्या पलीकडे, हिरव्या पट्ट्यात, चारशे फुटांपर्यंत मोकळीक. आठ ते बाराच्या मध्ये दोनशे फूट. त्याच्या आत परवानगी. अण्णांनी कंपासनं लोहगाव विमानतळाभोवती दोन्ही वर्तुळं काढून नकाशा दिला. ज्या मैदानांवर त्यांनी तरुणपणी धावत विमानं सोडली होती ती बहुतेक पहिल्या वर्तुळातच सापडली. त्यावर ते काही बोलले नाहीत. नकाशाची रेघ फार जाड छापलीस, एवढंच म्हणाले.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, एवढं माहिती आहे तर तुम्हीच लिहा की. दोन पानं देतो."

"मी वाचक आहे," अण्णा म्हणाले. "वाचकच लिहायला लागले तर वाचायचं कुणी?"

त्यांचं स्वतःचं रबरावर उडणारं विमान सुरेख आहे. पहाटे वारा पडलेला असताना ते ड्रिलनं रबराला पीळ भरतात, सोडतात, आणि विमान डावीकडे मोठी वर्तुळं घेत शांतपणे वर चढतं. त्याचा प्लॅन मी किती वेळा मागितला. "अजून फायनल नाही," एवढंच उत्तर. शेपटीचा कोन अर्धा अंश बदलायचा आहे म्हणे, माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून. आता तो नोकरीला लागला.

अलीकडची सूचना वाचकांच्या मतांची होती. अंकात प्रश्नावली छापा, कापून परत पाठवायची. कुठलं पान आधी वाचता, काय वाढवावं, काय कमी करावं. छापली. चौदा परत आल्या. मी एकटाच रात्री त्या घेऊन बसलो, आणि चौथ्या-पाचव्याला ओळखीचं काही दिसायला लागलं. नऊ प्रश्नावल्यांची शिरोरेघ पट्टीनं मारलेली होती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन अण्णांकडे गेलो.

"पाचच लोकांनी पाठवल्या असत्या तर तू अंक बंद केला असतास," अण्णा शांतपणे म्हणाले.

"पण एकात लिहिलंय डिझेल इंजिनांची पानं वाढवा आणि दुसऱ्यात लिहिलंय डिझेल आता पुरे, इलेक्ट्रिक वाढवा. एकात तर ड्रोनचं सदर मागितलंय!"

"मग? सगळ्या प्रकारच्या वाचकांचं प्रतिनिधित्व नको? मी प्रत्येकाच्या जागी बसून विचार केला."

मी शेवटची प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली. 'काय कमी करावे' या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'काही ज्येष्ठ वाचक फार सूचना करतात. संपादकांनी त्यांना आवर घालावा.'

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद जवळ नेऊन वाचला आणि समाधानानं मान हलवली.

"हे तरुण वाचकाचं. त्यांचंही ऐकून घ्यायचं. अमलात कुठलं आणायचं ते मी सांगतो तुला, कागद घे."