तीन पाकिटं, एक हात

एमएमआरडीएच्या २०१६-३६ च्या प्रादेशिक योजनेत भिवंडी तालुक्यातल्या खारबावच्या नावापुढे 'ग्रोथ सेंटर' असं लागलं, तेव्हापासून गावाला भविष्याचे डोहाळे लागले आहेत. केंद्राच्या शंभर स्मार्ट शहरांत भिवंडीचा नंबर काही लागला नाही. शेजारचं ठाणं आणि कल्याण-डोंबिवली मात्र २०१६ मध्ये आत जाऊन बसले. उद्या आपल्याकडे स्मार्ट काही आलंच, तर आपण गाफील नको, म्हणून खारबाव स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर स्पर्धा कायद्याचा अभ्यासवर्ग भरू लागला आहे. वसई-दिवा गाडीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एवढा वेळ मिळतो, की एक अख्खं कलम शिकून होतं.

शिकवायला गावातलाच, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा; वर्गासाठी तो आत्ताच 'वकील'. विद्यार्थी म्हणजे शेतात गोदामं उभी केलेले, विटा-रेती-खडी पुरवणारे आणि ग्रामपंचायतीची कामं घेणारे. थोडक्यात, प्रात्यक्षिक आधीच झालेलं, थिअरी तेवढी बाकी.

पहिल्या दिवशी २००२ च्या कायद्यातलं कलम ३ झालं. धंदेवाल्यांनी आपसात ठरवून भाव बांधू नयेत, गिऱ्हाईक वाटून घेऊ नये, निविदेत संगनमत करू नये.

"म्हंजे रिंग करायची नाय," पुढे बसलेले काका म्हणाले. "जल्ला, याला तर आपण सहकार म्हणत होतो!"

वकिलाने पुण्याचं उदाहरण दिलं. स्मार्ट सिटीसाठी शहरांनाच एकमेकांशी स्पर्धा करायला लावली होती. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत भुवनेश्वर पहिलं आणि पुणं दुसरं आलं. त्याच पुण्यात, त्याच्या वर्षभर आधी, महापालिकेने कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदा काढल्या होत्या. किमान तीन निविदा हव्यात, असा नियम. ज्याला काम हवं होतं, त्याने नियमाचा मान राखून सोबतीला नावापुरते स्पर्धक उभे केले. 'नागरिक चेतना मंच' या पुण्याच्याच संस्थेने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि मे २०१८ मध्ये आयोगाने कंपन्यांना दंड ठोठावला. म्हणजे शहरं गुणांसाठी धापा टाकत होती आणि ठेकेदार गुण्यागोविंदाने नांदत होते.

"चूक नियमाची," काकांनी निकाल दिला. "तीन मागितली, तीन दिली. पाच मागितली असती, तर पाच दिली असती. आपल्याकडे माणसांना काय तोटा?"

दुसऱ्या दिवशी कलम ४, म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर. गुरुग्रामच्या डीएलएफने १९ मजले सांगून २९ मजल्यांचा घाट घातला. गिऱ्हाइकाचा हप्ता चुकला, तर व्याज आधी १५ टक्के, मग १८. बिल्डरने ताबा लांबवला, तर चौरस फुटाला महिन्याला ५ रुपये. २०११ मध्ये आयोगाने ६३० कोटींचा दंड लावला. दंडाचा आकडा ऐकून वर्ग हळहळला, बिल्डरसाठी.

"आयोग आधी संबंधित बाजारपेठ कुठवर आहे ते ठरवतो," वकील पुढे म्हणाला. "आता आपल्याकडे विटा-रेतीची बाजारपेठ कुठवर धरायची?"

"दुसऱ्याची गाडी काचा न फुटता जिथवर येते, तिथवर," मागून उत्तर आलं. पाठ्यपुस्तकातली व्याख्या याहून लांब आहे, नेमकी नाही.

सरकारी खातीही या कायद्यातून सुटत नाहीत, हे ऐकून सगळे सावरून बसले. सूट फक्त सार्वभौम कामांना: अणुऊर्जा, चलन, संरक्षण, अवकाश वगैरे.

"मंग आपला चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता कशात?"

"अवकाशात," काका म्हणाले. "असले खड्डे चंद्रावरच असतात."

शेवटचा तास कलम ४६ चा. रिंगमधला जो पहिला फुटेल आणि पुरावे देईल, त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट. दुसऱ्याला ५० पर्यंत, तिसऱ्याला ३० पर्यंत. या कलमाचा सगळा भरवसा माणसांच्या आपसातल्या हेव्यावर. चोरांचा चोरांवर विश्वास नसतो, हे जगभर खरं ठरलेलं तत्त्व. युरोप-अमेरिकेत त्याच्यावर मोठमोठ्या कंपन्या फुटल्या. पण कलम लिहिणाऱ्यांनी साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सगळं मिळूनमिसळून करणारा महाराष्ट्र धरलाच नव्हता.

पाच मिनिटं वर्गात खरीखुरी स्पर्धा झाली. पहिला कोण फुटणार, यावरून आवाज चढले, दोघांनी मोबाइलही काढले. मग काकांनी मांडवली केली.

"भांडता कशाला? भिशीसारखं करू. या कामाला पहिला तू फूट, पुढच्याला मी फुटतो, मंग हा. दंडातले वाचलेले पैसे सगळ्यांत सारखे."

वकील कळवळून म्हणाला, "काका, हेसुद्धा संगनमतच झालं!"

"असंल. याचं कलम कुठलं?"

वकील पुस्तक चाळतो आहे. चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत.